सेशेल्समध्ये खासगी यॉट भाड्याने घ्यायचीय? आधी वारा बघा, किंमत नंतर

निळंशार पाणी, पांढरी यॉट, डेकवर लोळणारे सहा-आठ मित्र आणि मागे गुळगुळीत ग्रॅनाइटचे अवाढव्य खडक. अशी रील दिसली की खाली पहिली कमेंट ठरलेली असते, "भाई, खर्च किती आला?" त्यावर कुणीतरी एक आकडा टाकतं, दुसरा म्हणतो इतक्यात तर गोव्यात फ्लॅट येईल, तिसरा मित्राला टॅग करून "2 वर्षांत जायचंच" असं लिहितो.

खर्चाचा प्रश्न चुकीचा नाही, पण तो तिसऱ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न महिना कोणता, आणि दुसरा होडी चालवणार कोण. या दोघांची उत्तरं ठरली की खर्चाचं उत्तर बरंचसं आपोआप ठरतं. उलट्या क्रमाने गेलं की मग ऑगस्टमधली स्वस्त होडी घेऊन अख्खं कुटुंब आठवडाभर उलट्या करत बसतं.

यॉट चार्टर जगात अनेक ठिकाणी होतं. कॅरिबियनमधली ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्स, थायलंडचं फुकेत, ऑस्ट्रेलियाची व्हिटसंडे बेटं ही त्यातली मोठी नावं. मुंबई-पुण्याच्या माणसासाठी त्यातल्या त्यात सोयीचं ठिकाण म्हणजे सेशेल्स. मुंबईपासून अंतर सुमारे सव्वातीन हजार किलोमीटर, थेट विमान असेल तर साडेचार-पाच तास, घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. भारतीय पासपोर्टला आधी व्हिसा काढावा लागत नाही. मात्र निघण्यापूर्वी ऑनलाइन प्रवास परवानगी घ्यावीच लागते. त्यात मुक्कामाचा पुरावा मागतात, म्हणून होडीचा करार छापून जवळ ठेवायचा.

115 बेटं, पण तुमच्या वाट्याला 8-10

सेशेल्स हा हिंदी महासागरातला 115 बेटांचा देश. आठवड्याच्या सहलीत यातली मोजकीच बेटं येतात. राजधानी व्हिक्टोरिया ज्या बेटावर आहे ते माहे, त्याच्या ईशान्येला प्रालां, शेजारी ला दीग, आणि आजूबाजूला क्युरियस, कुझां, फेलिसिते, ग्रांद सर अशी छोटी बेटं. रीलमध्ये दिसणारे ते गोल खडक इथलेच. बाकीची बेटं शेकडो किलोमीटरवर पसरलेली आहेत. महाकाय कासवांसाठी प्रसिद्ध असलेलं अल्दाब्रा बेट माहेपासून 1,100 किलोमीटरहून जास्त लांब आहे. कोणी आठवड्याच्या पॅकेजमध्ये अल्दाब्रा दाखवत असेल तर फोन ठेवून दिलेला बरा. कासवंच बघायची असतील तर ती क्युरियसवर किनाऱ्यालगत मोकळी फिरताना दिसतात.

माहे ते प्रालां हे अंतर साधारण 25 सागरी मैल, म्हणजे 45 किलोमीटरच्या आसपास. फेरीबोट ते तासाभरात कापते. शिडाची होडी ताशी 5-6 सागरी मैलांनी चालते, तिला चार-पाच तास लागतात. या सहलीतला खुल्या समुद्रातला मोठा टप्पा हाच, आणि तो जाताना एकदा, येताना एकदा असा दोनदा येतो. प्रालां ते ला दीग मात्र चहा पिता पिता होतं.

महिना कोणता?

इथे आपला आणि सेशेल्सचा थेट संबंध येतो. मे ते ऑक्टोबर सेशेल्सवर आग्नेयेकडून वारे वाहतात. हेच वारे विषुववृत्त ओलांडून वर येतात, पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळतात आणि नैऋत्य मोसमी वारे होऊन कोकणावर आदळतात. म्हणजे रत्नागिरीत धो धो पाऊस पडत असतो तेव्हा त्या पावसाचा वारा सेशेल्समध्ये शिडं ताणत असतो. आपल्याकडे पावसाळ्यात मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात. तिकडे तेवढी वाईट स्थिती नसते, ऊनही पडतं. पण जुलै-ऑगस्टमध्ये वाऱ्याला चांगलाच जोर असतो आणि खुल्या समुद्रात लाटा मोठ्या होतात. मुरलेल्या खलाशाला हाच मोसम आवडतो. पहिल्यांदा होडीत बसणाऱ्या आजीला आवडण्याची शक्यता कमी.

डिसेंबर ते मार्च वारा उलटतो, वायव्येकडून येतो. त्याचा जोर कमी, पण पाऊस जास्त, विशेषतः डिसेंबर-जानेवारीत. नाताळ-न्यू इयरमुळे दर मात्र चढलेले असतात. म्हणजे वर्षातल्या सगळ्यात पावसाळी दिवसांसाठी सगळ्यात जास्त पैसे मोजायचे.

या दोन वाऱ्यांच्या मधले महिने, एप्रिल आणि मेची सुरुवात, तसंच ऑक्टोबर अखेर आणि नोव्हेंबर, हे शांत. पाणी नितळ, पोहायला आणि पाण्याखालचं बघायला उत्तम. मराठी कुटुंबांचं नशीब असं की उन्हाळ्याच्या सुट्टीचा पहिला भाग आणि दिवाळीची सुट्टी बरोबर याच काळात येते. एक अडचण सांगायला हवी. वारा पडला की शिडाचा उपयोग नसतो, इंजिनवर फिरावं लागतं, डिझेल वाढतं आणि दुपारी गरम होतं. शिडाच्या होडीचा खरा आनंद हवा असेल तर शांत महिन्यांच्या थोडं अलीकडे-पलीकडे जावं.

माहे आणि आसपासची बेटं चक्रीवादळांच्या नेहमीच्या पट्ट्याबाहेर आहेत, हा मोठा दिलासा. कॅरिबियनमध्ये जून ते नोव्हेंबर ही भीती असते. 2017 च्या सप्टेंबरमध्ये इर्मा वादळाने ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्समधल्या शेकडो चार्टर होड्या एकमेकींवर नेऊन आपटल्या होत्या.

वाऱ्याची दिशा कळली की मुक्कामाच्या जागाही कळतात. प्रालांचा आन्स लाझिओ हा किनारा वायव्येला तोंड करून आहे. आग्नेय वाऱ्यात तिथे तळ्यासारखं शांत असतं, जानेवारीत तिथेच लाटा घुसतात आणि रात्रभर होडी पाळण्यासारखी हलते. ला दीगच्या आग्नेयेकडचा ग्रांद आन्स याच्या नेमका उलट, जुलैमध्ये तिथे पोहणं धोक्याचं. त्यामुळे "अमुक बीचवर रात्र घालवायचीच" असं विमानतळावरच ठरवून आलेल्या गटाला पुढे वैताग येतो. चांगला कॅप्टन सकाळी हवामान बघून बेत बदलतो, आणि त्याला ते करू द्यायचं असतं.

होडी चालवणार कोण?

चार्टरचे मुख्य प्रकार तीन. नुसती होडी घेणं, म्हणजे बेअरबोट. होडीसोबत एक कॅप्टन घेणं, त्याला स्किपर म्हणतात. आणि कॅप्टन, स्वयंपाकी, मदतनीस असा पूर्ण कर्मचारीवर्ग असलेली होडी. चौथा एक स्वस्तातला मार्ग आहे, कॅबिन चार्टर. त्यात अख्खी होडी न घेता एक खोली घ्यायची, बाकीचे प्रवासी अनोळखी. दोघांनाच जायचं असेल तर हा मार्ग बघावा. तो खासगी राहत नाही, पण समुद्र तोच असतो.

बेअरबोटचा दर सगळ्यात कमी दिसतो म्हणून लोक तिकडे वळतात. इथे गाडी भाड्याने घेण्याची उपमा डोक्यातून काढून टाकलेली बरी. बेअरबोट घेतली की कायद्याच्या नजरेत कॅप्टन तुम्ही. नांगर नीट न टाकल्यामुळे रात्री होडी सरकून शेजारच्या होडीवर आपटली, तर जबाबदार तुम्ही. कुणी पाण्यात पडलं तर निर्णय घेणारे तुम्ही. कंपनी म्हणूनच तुमच्या समुद्रातल्या अनुभवाचा लेखी तपशील मागते: किती लांबीची होडी चालवली, किती मैल, कुठे. बऱ्याच ठिकाणी प्रमाणपत्रही लागतं.

प्रमाणपत्र मिळवता येतं. ब्रिटनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनचा "डे स्किपर" हा प्रत्यक्ष समुद्रावरचा कोर्स 5 दिवसांचा असतो. पण त्याला बसण्याआधी 5 दिवस आणि 100 सागरी मैलांचा अनुभव अपेक्षित असतो, हे जाहिरातीत ठळक दिसत नाही. मुंबई बंदरात आणि मांडव्याला शीड शिकवणारे क्लब आहेत, सुरुवात तिथून करता येते. पाच दिवसांचा कागद हातात घेऊन मुलाबाळांना 45 फुटी होडीत बसवून निघणं मात्र शहाणपणाचं नाही. पहिल्या सहलीला स्किपर घ्यावा. त्याचं रोजचं मानधन द्यावं लागतं, त्याच्या जेवणाची सोय गटाला करावी लागते, आणि एक झोपायची जागा त्याला जाते. बुकिंग करताना हे सगळे विसरतात आणि मग "चार खोल्यांत आठ जण" हा हिशोब पहिल्याच रात्री कोलमडतो.

स्किपर म्हणजे ड्रायव्हर नव्हे. कोकणातल्या होडीवर तांडेलाचा शब्द जसा शेवटचा, तसाच इथे कॅप्टनचा. हवा बिघडली आणि तो नाही म्हणाला तर पैसे कोणी दिले हा मुद्दा उरत नाही. करारातही तसंच लिहिलेलं असतं.

होडी कोणती घ्यायची यावर फार डोकं खपवायला नको. कुटुंब किंवा मोठा गट असेल तर कॅटमरान, म्हणजे दोन बुडांची होडी. ती कमी कलते, मधला भाग ऐसपैस असतो आणि पाण्यात खोल बुडत नसल्याने उथळ किनाऱ्याजवळ जाऊ शकते. शब्द मूळचा तामिळ आहे, कट्टुमरम, बांधलेले ओंडके. एका बुडाची होडी स्वस्त पडते आणि शिडाची मजा तिच्यावर जास्त, पण ती चालताना तिरकी होते आणि ओट्यावरचा चहाचा कप घसरत जातो.

आता खर्च

वेबसाइटवर दिसतो तो दर नुसत्या होडीचा. त्यावर काय काय चढतं ते समजून घेण्यासाठी एक काल्पनिक हिशोब करू. समजा कर्मचारी असलेल्या होडीचं आठवड्याचं भाडं 10,000 युरो आहे आणि गट 8 जणांचा. अशा चार्टरमध्ये बहुतेकदा भाड्याच्या 25 ते 35 टक्के रक्कम आगाऊ ठेवायला सांगतात. तिला एपीए म्हणतात. डिझेल, किराणा, पेयं, बंदराची फी हे सगळं कॅप्टन त्यातून करतो, शेवटी पावत्यांसह हिशोब देतो आणि उरलं तर परत करतो. 30 टक्के धरले तर 3,000 युरो. कर्मचाऱ्यांना बक्षीस देण्याची पद्धत आहे, 10 टक्के धरले तर 1,000. झाले 14,000, म्हणजे माणशी 1,750 युरो. यात विमान नाही, विमा नाही, आदल्या रात्रीचं हॉटेल नाही आणि कर दरात धरलेला नसेल तर तोही नाही. जाहिरातीतला आकडा आठने भागून ग्रुपवर टाकणारा मित्र 1,250 सांगतो. भांडणं या 500 युरोंवरून होतात.

काही होड्यांचा दर सगळं धरून असतो. तिथे "सगळं" म्हणजे काय ते लेखी मागवायचं. मद्य, सागरी उद्यानांची फी, पाण्याखाली डुबकी मारण्याचं साहित्य आणि इंजिनचे तास यांपैकी काय आत आणि काय बाहेर, हे विचारायला लाजू नये.

बेअरबोटला एपीए नसते, पण अनामत असते, बऱ्याचदा काही हजार युरो. ती क्रेडिट कार्डवर अडकवून ठेवतात. भारतीय कार्डावर परदेशातले व्यवहार ॲपमधून स्वतः चालू करावे लागतात आणि मर्यादा पुरेशी असावी लागते. शनिवारी दुपारी धक्क्यावर उभं राहून बँकेच्या कॉल सेंटरशी बोलण्याची वेळ अनेकांवर येते. भारतातून पैसे पाठवताना टीसीएस कापला जाऊ शकतो. त्याचे दर आणि मर्यादा बजेटमध्ये बदलत राहतात. कापलेली रक्कम विवरणपत्र भरताना जुळवता येते, पण तोवर ती अडकते, म्हणून सीएला आधी विचारलेलं बरं.

आणि एक सावधगिरी. सुंदर फोटो, निम्मा दर आणि "आजच पूर्ण पैसे भरा" असा मेसेज आला तर थांबा. होडीचं नाव, नोंदणी, विम्याची प्रत आणि करार मागा. खरा व्यावसायिक हे कागद मागितल्यावर चिडत नाही. पैसे व्यक्तीच्या खात्यावर न पाठवता कराराच्या नावाशी जुळणाऱ्या कंपनीच्या खात्यावरच पाठवा. प्रवास विम्यात शिडाच्या होडीवरचा अपघात धरलाय का तेही वाचा. काही पॉलिसी साहसी खेळ म्हणून तो वगळतात.

होडीवरचा दिवस

हॉटेलची सवय सगळ्यात आधी पाण्यावर आदळते. समजा होडीची टाकी 700 लिटरची आहे. आठ माणसं, सात दिवस. माणशी रोजचे साडेबारा लिटर होतात, आणि त्यातच भांडीही घासायची. आपल्याकडची एक बादली आंघोळ यापेक्षा मोठी असते. म्हणून समुद्रात पोहून आल्यावर मिनिटभर गोडं पाणी अंगावर घेणं, एवढीच आंघोळ. समुद्राच्या पाण्यापासून गोडं पाणी करणारं यंत्र होडीवर आहे का, हा बुकिंगच्या वेळचा अत्यंत महत्त्वाचा प्रश्न. एसीचंही तेच. तो जनरेटरवर चालतो, जनरेटर डिझेल पितो आणि शेजारच्या होडीवरच्यांची झोपही. संडासाचे पाइप बारीक असतात, त्यात कागदसुद्धा टाकायचा नाही असं बहुतेक कॅप्टन पहिल्याच दिवशी बजावतात. तुंबला तर काय होतं याचं वर्णन नको.

बॅगा मऊ, घडी होणाऱ्या घ्याव्यात. कडक सुटकेस ठेवायला होडीत जागा नसते. बोट लागण्याचा त्रास असेल तर गोळी उलटी सुरू झाल्यावर उपयोगाची नसते, निघण्याआधी घ्यावी लागते. कोणती ते डॉक्टर सांगतील. मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट आधी सांगून ठेवावी लागतात. किनाऱ्यावर जायची छोटी रबरी होडी, डिंगी, निरुपद्रवी दिसते, पण तिच्या इंजिनचा पंखा उघडा असतो. तिच्या चालकाच्या मनगटाला किंवा पायाला बांधायची इंजिन बंद करणारी दोरी रोज, प्रत्येक वेळी बांधायची. पोहणारे पाण्यात असताना इंजिन सुरू करायचं नाही.

शाकाहारी गटाने किराणा माहेवरच भरून घ्यावा. छोट्या बेटांवर दुकानं छोटी आणि बराच माल आयात केलेला, त्यामुळे महाग. डाळ-तांदूळ-मसाल्यांची चणचण नाही. तिथे तामिळ वंशाची बरीच कुटुंबं आहेत, व्हिक्टोरियात नवशक्ती विनायगर म्हणजे गणपतीचं रंगीत गोपुराचं देऊळही आहे. निघण्याआधी नारळ फोडायची इच्छा असेल तर सोय आहे. घरून आंबे किंवा ताज्या भाज्या मात्र नेऊ नयेत. बेटांवर बाहेरची कीड येऊ नये म्हणून त्यावर कडक निर्बंध आहेत.

अंधारात होडी हलवायला बहुतेक करारांत बंदी असते, आणि विषुववृत्ताजवळ असल्याने इथे वर्षभर सहा ते पावणेसातच्या दरम्यान सूर्य मावळतो. म्हणून चारच्या सुमारास मुक्कामाच्या जागी पोहोचायचं. ऊन वर असताना पाण्यातलं पोवळं आणि वाळू वेगळी ओळखू येते. नांगर वाळूतच पडला पाहिजे. 1998 मध्ये समुद्र तापला आणि माहे-प्रालांभोवतीचं बहुतेक जिवंत पोवळं मेलं. जे पुन्हा वाढतंय त्यावर लोखंडी साखळी ओढणं म्हणजे जे बघायला आलो तेच मोडणं. जिथे बोया असेल तिथे त्यालाच होडी बांधावी.

काही बेटांवर स्वतःच्या डिंगीने उतरताच येत नाही. कुझां हे पक्ष्यांसाठी राखलेलं बेट आहे. तिथले वनरक्षक त्यांच्या होडीतून पाहुण्यांना किनाऱ्यावर नेतात, कारण बाहेरच्या होडीतून एक उंदीर जरी उतरला तरी जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी संपतील. ग्रांद सरसारखी बेटं खासगी मालकीची आहेत, उतरायला पैसे पडतात. ला दीगचा जगप्रसिद्ध आन्स सूर्स दार्जां समोर पोवळ्याचा उथळ कठडा असल्याने होडी जवळ नेता येत नाही. होडी बंदराशी ठेवून सायकलने जायचं, तिकीट काढून. खासगी असते ती होडी, बेटं नव्हेत.

ढोबळ बेत असा करता येतो. पहिल्या दुपारी होडी ताब्यात घेऊन व्हिक्टोरियाजवळच्या सेंत आन सागरी उद्यानात मुक्काम. दुसऱ्या सकाळी लवकर प्रालांकडे. मग क्युरियस, आन्स लाझिओ, ला दीगला दोन रात्री, एक सकाळ कुझां, आणि शेवटच्या आदल्या दिवशी परत माहे. एक दिवस मोकळा सोडायचा, तो हवामानासाठी. शेवटची रात्र बंदराजवळच काढायची, कारण होडी सकाळी परत द्यायची असते आणि उशिराचा दंड जबर असतो. प्रालांच्या व्हॅली द मे या जंगलात जगातली सगळ्यात मोठी बी असलेला दर्याचा नारळ, कोको द मेर, बघायला अर्धा दिवस ठेवावा. विकत घेतला तर त्याचा परवाना सोबत हवा, नाहीतर विमानतळावर काढून घेतात. किनाऱ्यावरचे शिंपलेही पिशवीत टाकू नयेत.

परत देताना होडीची तपासणी होते, कधी पाणबुड्या खाली जाऊन बुडाचा तळही बघतो. म्हणून ताब्यात घेताना प्रत्येक ओरखड्याचा फोटो काढून ठेवायचा, डिंगी आणि तिच्या इंजिनसकट. अनामत सुटली तरी कार्डवरची अडकलेली रक्कम मोकळी व्हायला काही दिवस लागतात. त्या दिवसांसाठी खिशात दुसरं कार्ड असू द्यावं.